करंट गेला तेव्हा डिस्क काय करत होती

जून महिना, फोंडा तालुक्यातलं एक गाव, संध्याकाळचे साडेसात वाजलेत आणि पाऊस नुसता ओततोय. गोव्यात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको, माडाचं एक चुडत तारेवर पडतं, लांब कुठेतरी ठप्प असा आवाज येतो आणि अख्खा वाडा काळोखात. आता स्क्रीनवर बघा, ही आमची मागची खोली, आणि टेबलाखाली हा जो डबा आहे तो आमचा लिनक्सचा सर्व्हर. त्यात २ टीबीची डिस्क, आणि डिस्कवर गावोगावी फिरून रेकॉर्ड केलेली भजनं, जत्रेतली नाटकं, चवथीला घुमट या मातीच्या वाद्यावर म्हणतात त्या आरत्या. करंट परत आला, मशीन चालू केलं की काळ्या स्क्रीनवर क्षणभर एक ओळ झळकते, ‘रिकव्हरिंग जर्नल’, आणि बघता बघता सगळं जागेवर. ती ओळ आपण कधी धड वाचत पण नाही. हा व्हिडिओ त्या ओळीबद्दल आहे.

आधी असं नव्हतं. डिस्कवर फाईली कुठे आणि कशा ठेवायच्या ते सांभाळते ती फाईलसिस्टीम. १९९३ सालची ईएक्सटी २ ही लिनक्सची फाईलसिस्टीम घ्या, मशीन अचानक बंद पडलं की पुढच्या वेळी एफएससीके हा प्रोग्राम अख्खी डिस्क पालथी घालायचा, मोठी डिस्क असेल तर त्यात तास जायचे, कारण नेमकं कुठलं काम अर्धवट राहिलंय ते सांगणारं कुणीच नसायचं. एक फाईल बनवायची तर डिस्कवर एका जागी लिहून भागत नाही ना, डिरेक्टरीत नाव लिहा, आयनोड म्हणजे फाईलच्या माहितीची नोंद भरा, कुठले ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचे जागेचे तुकडे, वापरले त्याची खूण करा, मोकळ्या जागेचा आकडा बदला. यातली दोन कामं झाली आणि तिसऱ्याच्या आधी करंट गेला तर डिस्कचा एक भाग म्हणतो ब्लॉक मोकळा आहे आणि दुसरा म्हणतो भरलेला आहे.

माझ्या मामांचं म्हापशाला किराणा दुकान होतं. शुक्रवारच्या बाजाराला गिऱ्हाईक इतकं की मान वर करायला सवड नाही. मामा त्या गर्दीत कुणाच्या खात्याचं पान उघडत बसायचे नाहीत, जे घडेल ते एकाखाली एक कीर्दीत लिहायचे, एक व्यवहार पुरा झाला की खाली रेघ मारायची. रात्री शटर ओढल्यावर कीर्दीतलं एकेक बघून खतावणीत ज्याच्या त्याच्या पानावर चढवायचं. मधेच कुणी आलं, अर्ध्यावर उठावं लागलं तरी बिघडत नसे, सकाळी कीर्द उघडायची, रेघ मारलेला व्यवहार परत खतावणीशी ताडून बघायचा, आणि ज्याच्याखाली रेघच नाही तो झालाच नाही असं धरायचं.

जर्नलिंग फाईलसिस्टीम हेच करते, अगदी हेच. जर्नल म्हणजे कीर्द, डिस्कचा बाकीचा भाग म्हणजे खतावणी. काय काय बदलायचंय ते आधी जर्नलमध्ये लिहिलं जातं, शेवटी एक कमिट ब्लॉक लिहिला जातो, तीच मामांची रेघ. मग सवडीने ते बदल आपापल्या जागी जातात आणि जर्नलमधली जागा परत वापरायला मोकळी होते, कारण जर्नल ठरावीक मापाचं असतं आणि शेवटाला पोचलं की परत पहिल्यापासून सुरू. ईएक्सटी ४ या आजच्या लिनक्स फाईलसिस्टीममध्ये ते आयनोड नंबर ८ मध्ये लपलेलं असतं, फाईल मॅनेजरमध्ये कधी दिसायचं नाही.

कल्पना डेटाबेसवाल्यांची, जुनी. आयबीएमने १९९० साली आपल्या एआयएक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर जेएफएस ही जर्नलवाली फाईलसिस्टीम आणली होती. लिनक्ससाठी स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये डिझाईन मांडलं आणि २००१ च्या नोव्हेंबरात २.४.१५ कर्नलमध्ये, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, ईएक्सटी ३ आली. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जुनी ईएक्सटी २ डिस्क फॉरमॅट करायची गरजच नव्हती, ट्यून२एफएस या कमांडला हायफन जे दिलं की त्याच डिस्कवर जर्नल तयार. लोकांचा डेटा हलवायला न लावता सुधारणा देणं, याला मी फार मानतो. २००८ च्या डिसेंबरात ईएक्सटी ४ स्थिर म्हणून आली, आज बहुतेक जण तीच वापरतात आणि आमच्या डब्यातही तीच आहे.

आता खरी गोष्ट, आणि इथे बरेच जण फसतात, मीही फसलो. जर्नल आहे म्हणजे माझी फाईल वाचणार, असं नाही. नेहमीच्या सेटिंगमध्ये जर्नलमध्ये फाईलचा मजकूर जातच नाही, फक्त मेटाडेटा जातो, म्हणजे नाव, माप, कुठले ब्लॉक कुणाचे. डिस्कचा सांगाडा शाबूत राहील एवढीच त्याची हमी. डिस्क सिस्टीमला जोडणं म्हणजे माउंट करणं, आणि ते करताना मजकुराचं काय करायचं ते ठरवणारा ऑप्शन म्हणजे ‘डेटा’, त्याचे तीन प्रकार. डेटा=ऑर्डर्ड हा डीफॉल्ट, यात आधी मजकूर आपल्या जागी लिहिला जातो आणि मगच त्याचा मेटाडेटा कमिट होतो. डेटा=जर्नलमध्ये मजकूर पण कीर्दीतून जातो, सगळं दोनदा लिहिलं जातं, मोठ्या ऑडिओ-व्हिडिओच्या फाईल असतील तर ते जाणवतं. आणि डेटा=राईटबॅक, यात मेटाडेटा जर्नलमध्ये जातो पण मजकूर आधी की नंतर याचा काही नेम नाही.

काही वर्षांपूर्वी आमचं जुनं मशीन होतं, कर्नल पण जुनं, आठ ट्रॅक एकदम रेकॉर्ड करताना अडखळायचं. मी नेटवर शोधलं, एक ओळ मिळाली, डेटा=राईटबॅक, बॅरियर=०, फास्ट होतं म्हणून. एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कशी माउंट करायची त्या फाईलीत, ती ओळ टाकली, रीबूट केलं, आणि खरंच फास्ट झालं. श्रावणातला शनिवार होता, देवळात भजन, रेकॉर्डिंग चालू, शेवटच्या अभंगाला करंट गेला. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. परत चालू केल्यावर ‘रिकव्हरिंग जर्नल’ आलं, डिस्क क्लीन म्हणाली, मी निर्धास्त. घरी येऊन हेडफोन लावला. पखवाज, टाळ, बुवांचा आवाज, सगळं नीट, आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत अभंग तुटला आणि मधेच हार्मोनियम आणि एका बाईचा आवाज आला, नाटकातलं पद, जे मी महिन्याभरापूर्वी त्याच डिस्कवरून डिलीट केलं होतं.

हा तुकडा ऐका, मी मुद्दाम ठेवलाय. काय झालं होतं तर फाईल वाढली, नवे ब्लॉक तिच्या नावावर चढले आणि ते कमिटही झालं, पण त्या ब्लॉकमध्ये लिहायचा आवाज अजून मेमरीतच होता, आणि डिस्कवर त्या जागी जुन्या डिलीट केलेल्या फाईलचा मजकूर तसाच पडलेला. ऑर्डर्ड असतं तर जास्तीत जास्त शेवटचा तुकडा गेला असता, दुसऱ्याच कुणाचा आवाज आत आला नसता. रेकॉर्डिंगचं ठीक आहे म्हणा, पण हेच एखाद्या डॉक्टरांच्या मशीनवर झालं असतं तर एका पेशंटच्या फाईलीत दुसऱ्याचे कागद.

आणि ते बॅरियर=०, ते तर अजून वाईट. डिस्कच्या आत तिची स्वतःची कॅश, म्हणजे तात्पुरती मेमरी, असते, ती ‘लिहिलं’ म्हणून सांगते आणि प्रत्यक्षात नंतर, आपल्या सोयीच्या क्रमाने लिहिते. बॅरियर म्हणजे कर्नल डिस्कला बजावतो की आधी हे सगळं खरंच उतरव, मगच कमिट ब्लॉक लिही. ते बंद केलं की रेघ आधी आणि व्यवहार मागून, असं होऊ शकतं, मग त्या रेघेला अर्थ काय राहिला? त्याच पावसाळ्यात अजून एकदा करंट गेला तेव्हा माझ्या लॉस्ट+फाऊंड फोल्डरमध्ये, जिथे बेवारस सापडलेल्या फाईली टाकल्या जातात, फाईलींची रांग लागली होती, नावं गायब, नुसतं हॅशचं चिन्ह आणि पुढे आयनोडचा नंबर. कुठल्या गावची आरती कुठली, ते मी एकेक ऐकून ओळखत बसलो, दोन रात्री. डिस्क चालवणाऱ्या कंट्रोलरच्या कॅशला स्वतःची बॅटरी आहे, असं मशीन असेल तर बॅरियर बंद करायचा विचार करा, घरच्या नाहीतर दुकानातल्या डब्यावर अजिबात नको.

बाकीची सेटिंग्ज पटापट. कमिट=५ म्हणजे दर ५ सेकंदांनी जर्नल कमिट होतं, डीफॉल्ट तेच, काही जण ६० करतात, लॅपटॉपची डिस्क झोपून राहावी म्हणून. पण लक्षात घ्या, ईएक्सटी ४ फाईलला ब्लॉक लगेच देत नाही, लिहायची वेळ आली की देते, त्याला डिलेड अलोकेशन म्हणतात, आणि कर्नल मेमरीतला मजकूर साधारण ३० सेकंद जुना होईपर्यंत थांबू शकतो, ते कर्नलच्या व्हीएम, म्हणजे मेमरीच्या, सेटिंग्जपैकी डर्टी एक्स्पायरमध्ये ३००० म्हणून दिसतं, सेकंदाच्या शंभराव्या भागात. म्हणून कमिट ५ वर ठेवलं तरी शेवटचा अर्धा मिनिट जाऊ शकतो. मी आमच्या मशीनवर तो आकडा ५०० केलाय.

नोएटाईम, म्हणजे फाईल वाचल्याची वेळ लिहूच नको असा ऑप्शन, त्याचा गवगवा जरा जास्तच आहे. पूर्वी फाईल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ लिहिली जायची, पण २००९ पासून रिलेटाईम, म्हणजे ती वेळ गरजेपुरतीच लिहिणं, डीफॉल्ट आहे, त्यामुळे आता फारसा फरक पडत नाही, लावा हवं तर. रिझर्व्ह्ड ब्लॉक्सकडे मात्र बघा. ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मशीनच्या मुख्य युजरसाठी, राखून ठेवतात, २ टीबीवर ती १०० जीबी होते, नुसत्या डेटाच्या डिस्कवर एवढी कशाला? ट्यून२एफएस हायफन एम १, झालं. डेटाचा मोड मात्र चालत्या डिस्कवर रीमाउंट करून बदलत नाही, पूर्ण अनमाउंट करून परत माउंट करावं लागतं, इथे मी तासभर डोकं आपटलंय. जर्नलचं माप बदलायचं तर अनमाउंट करा, जर्नल काढा, ई२एफएससीके हा तपासणीचा प्रोग्राम चालवा, मग नवं बनवा, आणि त्याआधी बॅकअप.

एक गोष्ट मात्र कुठल्याच माउंट ऑप्शनने होत नाही. फाईल डिस्कवर उतरलीच पाहिजे हे प्रोग्रामने स्वतः सांगावं लागतं, त्याला एफसिंक म्हणतात. नवीन नावाने लिहा, एफसिंक करा, मग रीनेम करून जुन्याच्या जागी बसवा. २००९ मध्ये ईएक्सटी ४ वर करंट गेल्यावर सेटिंगच्या फाईली शून्य बाईटच्या होतात म्हणून लोक वैतागले होते, तेव्हा तिचे मेंटेनर थिओडोर त्सो यांनी हेच समजावलं, आणि लोकांची अडचण बघून रीनेमसारख्या ठिकाणी मजकूर आधी उतरवण्याची सोय पण कर्नलमध्ये घातली. आमची रेकॉर्डिंगची स्क्रिप्ट आता दर १० सेकंदांनी एफसिंक करते. आठ ट्रॅकला याने काही अडत नाही, मी मोजलंय.

आणि मोजायचं कसं, तर हे बघा. ही वेगळी जुनी डिस्क आहे, हिच्यावर जपण्यासारखं काही नाही. रेकॉर्डिंग चालू केलंय, घुमटावर आमच्या शेजारचा मुलगा, शमेळ या ढोलासारख्या वाद्यावर त्याचा भाऊ, आणि मी वायर हातात धरलीये. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं, आता बोकडाचं लावतात, नाद थोडा वेगळा आहे. २०१९ मध्ये सरकारने याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. हां, वाजव रे.

वायर ओढली.

परत लावली. ‘रिकव्हरिंग जर्नल’. फाईल उघडतो. आरती चालू आहे, चालू आहे, कडव्याच्या मधेच थांबते, आणि पुढे काही नाही, दुसरा कुठलाच आवाज नाही. घड्याळाशी लावून बघितलं तर ७ सेकंद गेलेत. मुलं परत बसलीत, याच ओळीपासून धरूया म्हणतात.