पाच खुर्च्या, तीन तास : गेम स्टोअरमधली रोलप्लेइंगची रात्र

(दृश्य : रिकामं टेबल. कापडी पिशवीतून फासे ओतले जातात.)

एका संचात सात फासे असतात. चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचा एकेक. सातवाही दहा बाजूंचाच, पण त्यावर ००, १०, २० असे दशक छापलेले. पहिल्यांदा आलेला खेळाडू यात हमखास अडखळतो. बारा आणि वीसचा फासा हातात घेऊन तो गेममास्टरकडे, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणाऱ्याकडे, बघत राहतो, कारण लांबून दोन्ही गोलच दिसतात. म्हणून दुकानाच्या संचांमध्ये वीस बाजूंचा फासा मुद्दाम वेगळ्या रंगाचा ठेवावा. "लाल फासा टाक" एवढं म्हटलं की काम होतं. रात्रभरात हा फासा शंभरेक वेळा तरी पडतो, त्यामुळे एवढ्याशा सोयीनं बराच वेळ वाचतो.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला. टेबलावर लढाया खेळणाऱ्या मंडळींमधूनच हा खेळ आला. फरक इतकाच, की इथे खेळाडूकडे अख्खी पलटण नसते, एकच पात्र असतं आणि तो त्या पात्राच्या तोंडून बोलतो. हा खेळ कानांनी खेळायचा आहे. दुकानात त्याची नियमित रात्र सुरू करताना जागा, वार, माणसं सगळं ठरवायचं ते हे लक्षात ठेवून.

(दृश्य : दुकानाचा आतला भाग. एका बाजूला पत्त्यांची स्पर्धा, दुसऱ्या कोपऱ्यात लांबट टेबल.)

आधी वार. बऱ्याच दुकानांत शुक्रवारची संध्याकाळ ट्रेडिंग कार्डांच्या स्पर्धांची असते. त्या गलक्यात गेममास्टरचा आवाज टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचतच नाही. दुकानदाराला विचारून ज्या दिवशी टेबलं रिकामी असतात तो वार घ्या. दर आठवड्याला जमणार नसेल, तर "दर पंधरा दिवसांनी" असं जाहीर करू नका. हा आठवडा आपला की पुढचा, हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. "महिन्याचा पहिला आणि तिसरा मंगळवार" असं सांगितलं की कॅलेंडर बघून कुणालाही कळतं.

गेममास्टरनं भिंतीकडे पाठ करून बसावं, म्हणजे आवाज दुकानात विरत नाही. टेबल लांबट असेल तर टोकाला बसू नये, लांब बाजूच्या मधोमध बसावं. टोकाला बसल्यावर सगळ्यात लांबचा खेळाडू सहा फुटांवर जातो आणि अर्ध्या तासात तोच पहिला मोबाइल काढतो.

आता माणसं. एका टेबलाला एक गेममास्टर आणि चार ते पाच खेळाडू. सहावी खुर्ची ओढावीशी वाटते, पण हिशेब करून बघा. नव्या खेळाडूला लढाईतल्या एका खेळीला दोनेक मिनिटं लागतात. पाच जणांची दहा मिनिटं, वर राक्षसांच्या खेळ्यांची चार-पाच. म्हणजे आपली पाळी पुन्हा यायला पंधरा मिनिटं. सात जण झाले की हेच वीसवर जातं, आणि वीस मिनिटं नुसतं बसून राहिलेला माणूस पुढच्या वेळी येत नाही. सात आले तर सरळ दोन टेबलं करा. त्यासाठी दुसरा गेममास्टर लागतो आणि तो रात्र जाहीर करण्याआधीच ठरलेला हवा. गर्दी कमी असेल तेव्हा तो खेळाडू म्हणून बसेल. एकाच माणसावर सगळ्या रात्री टाकल्या तर काही महिन्यांत तो दमतो, आणि तो थांबला की रात्रही बंद पडते.

काउंटरवर नावांचा एक कागद ठेवा. पाच जागांपैकी चारच नावनोंदणीला द्या. पाचवी अचानक आलेल्या माणसासाठी मोकळी ठेवा. दुकानात सहज शिरलेला, टेबलाशी थबकून ऐकत उभा राहिलेला माणूस हा या रात्रीचा सगळ्यात मोलाचा पाहुणा असतो. त्याला "पुढच्या वेळी ये" म्हणणं जिवावर यायला हवं.

(दृश्य : जवळून. छापलेल्या कॅरॅक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, पेन्सिल.)

शून्यापासून पात्र बनवायला नव्या माणसाचा तासभर सहज जातो. त्यामुळे पहिल्या काही रात्री तयार पात्रंच द्यावीत. पाच खुर्च्यांना आठ शीट छापा, म्हणजे शेवटी आलेल्यालाही निवडीला वाव राहतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. श्रेयाची ओळ ठेवली की त्यातली पानं छापून टेबलावर ठेवायला हरकत नाही.

पात्रं पहिल्या लेव्हलची, म्हणजे ताकदीच्या पहिल्या पायरीवरची, ठेवण्याचा मोह होतो, कारण नियम कमी असतात. पण या नियमांत पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचे हिट पॉइंट (पात्र किती मार सोसेल तो आकडा) साधारण आठ. समोरच्या गॉब्लिनचा, म्हणजे लहानशा राक्षसाचा, घाव म्हणजे सहाचा फासा अधिक दोन. त्याच्या हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले तर सहाचा फासा दोनदा टाकायचा, म्हणजे सरासरी नऊ. एवढ्यात जादूगार आडवा. ज्यानं पात्राला नुकतंच नाव दिलंय, त्याचा खेळ पहिल्याच फेरीत थांबतो. दुसऱ्या लेव्हलला त्याच जादूगाराचे चौदा होतात आणि हा धोका बराच ओसरतो. नियम फारसे वाढत नाहीत. म्हणून सुरुवात दुसऱ्या लेव्हलपासून.

(दृश्य : चौकटींची मॅट. गेममास्टर मार्करनं खोली आखतो.)

नकाशासाठी एक इंच चौकटींची व्हिनाइलची मॅट चांगली. एक चौकट म्हणजे खेळातले पाच फूट. तिच्यावर ओल्या कापडानं पुसला जाणारा मार्करच वापरा. व्हाइटबोर्डच्या मार्करची शाई व्हिनाइलमध्ये मुरते आणि डाग जन्माचा राहतो. योग्य मार्करचासुद्धा लाल रंग रात्रभर राहिला तर फिकट खूण सोडतो, तेव्हा मॅट त्याच रात्री पुसून ठेवावी. मिनिएचर, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, नसल्या तरी चालतं, शर्टाची बटणं पुरेत.

सगळ्यात जास्त विचार कथेचा करावा लागतो. बहुतेक रात्री तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मोडतात आणि कारण ठरलेलं असतं. उत्साहात लांबलचक कॅम्पेन, म्हणजे अनेक रात्री चालणारी एकच गोष्ट, सुरू केलेली असते. गेल्या वेळी गोष्ट भुयाराच्या मधोमध थांबलेली, किल्ली ज्याच्या पात्राकडे तो आज आलेला नाही, आणि दोन नवे चेहरे दारात उभे. त्यांना आत कसं घ्यायचं, हेच कुणाला सुचत नाही.

दुकानातली गोष्ट त्याच रात्री संपायला हवी. सगळ्या पात्रांचा एक तळ ठरवा. एखादं गाव, एखादा किल्ला. दर वेळी तिथूनच निघायचं आणि रात्र संपेपर्यंत तिथेच परतायचं. जो आला नाही त्याचं पात्र तळावर थांबलं, इतकं साधं. नवा माणूस आज तळावर आला, तेही तितकंच साधं. गावावरचं सावट, वाढत जाणारा शत्रू असा मोठा धागा मागे खुशाल राहू द्या, पण आजची मोहीम आजची.

तीन तासांत एक अडचण आणि तीन प्रसंग बसतात : एक बोलाचालीचा, एक शोधाचा, एक लढाईचा. सुरुवात गुहेच्या तोंडाशीच करा. आधी धर्मशाळेत भेटणं, मग ओळखी, मग काम कुणी द्यायचं यात पाऊण तास जातो. वेळ उलटी मोजा. दुकान दहाला बंद होत असेल, तर खेळ साडेनऊला संपला पाहिजे. नव्या लोकांची लढाई पाऊण तास तरी घेते, म्हणून ती साडेआठपर्यंत सुरू व्हायला हवी. झाली नसेल तर मधला प्रसंग गाळून थेट तिथे या. कुठला गाळायचा, ते टिपणात आधीच खूण करून ठेवा.

टेबलाला बसणारे एकमेकांना अनोळखी असतात. गोष्टीत काय येणार आणि काय नाही, हे पाच मिनिटांत उघड बोलून घ्या. मधोमध फुलीचं एक कार्ड ठेवा. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. शेजारी शाळकरी मुलं बसली असतील, तर गेममास्टरनं भाषा आणि रक्तपात त्या हिशेबानं आवरावा. नियमावरून वाद झालाच तर दोन मिनिटं, मग गेममास्टरचा निर्णय. पुस्तक खेळ संपल्यावर उघडायचं. एकच जण बोलत असेल तर बाकीच्यांना नावानं विचारा, "तू काय करतेस?" गप्प बसलेल्यांपैकी बरेच जण नुसते कुणी विचारायची वाट बघत असतात.

(दृश्य : पत्र्याचा डबा. आत नावांप्रमाणे लावलेली कार्डं.)

शीट घरी विसरणं रोजचं आहे. म्हणून पात्रं दुकानातच राहू द्या. प्रत्येकाचं एक जाड कार्ड : नाव, लेव्हल, मिळालेल्या वस्तू, उरलेलं सोनं. शेजारी एक वही ठेवा. आजची मोहीम तीन ओळींत, खेळाडूंनीच लिहायची. पुढच्या वेळी नवा माणूस ती वाचतो आणि तळावरच्या लोकांना नावानं ओळखू लागतो.

साडेनऊ. फासे मोजून पिशवीत, मॅटवर ओलं कापड, कार्डं डब्यात. पुढच्या तारखेचा कागद मात्र लोक खुर्चीतून उठायच्या आधी टेबलावर फिरवा. लढाई नुकतीच संपलेली असते, गुहेतल्या त्या दुसऱ्या दारामागे काय होतं यावर अजून वाद चाललेला असतो, आणि पेन तेवढ्यात एका हातातून दुसऱ्या हातात जातं.