निळूभाऊ आणि आईच्या शिव्या

मित्रहो, निळू फुल्यांवर बोलायचं तर मला तंबूपासूनच सुरुवात करावी लागेल. आमच्या खटाव तालुक्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. मार्गशीर्षातली, कडाक्याच्या थंडीतली. तिथं तंबू टॉकीज यायचं. मधोमध कनात, एका अंगाला बाप्ये, दुसऱ्या अंगाला बाया. मी सात वर्षांचा, म्हणून आईजवळ, बायांत, पोत्यावर बसलेला. १९७४ साल असेल. पडद्यावर 'एक गाव बारा भानगडी'. चित्रपट १९६८चा, पण आमच्याकडं चित्रपट असे शिळे होऊनच यायचे आणि आम्हाला ते ताजेच लागायचे.

निळूभाऊंचे झेलेअण्णा पडद्यावर आले आणि बायांतली कुजबुज एकदम थांबली. मग अंधारातून एकेक शिवी उठायला लागली. माझी आई, जी घरात कुणाला 'अरे' म्हणायची नाही, ती दात आवळून म्हणाली, "मुडदा बशिवला तुझा!" मी घाबरून विचारलं, "आई, खोटं असतं ना गं हे?" ती म्हणाली, "शिनेमा खोटा. ह्याचं डोळं खोटं न्हाईत. असला एक हाय आपल्या गावात." तो कोण, हे मला फार पुढं कळलं.

निळूभाऊंचं थोरपण मला त्या वाक्यात दिसतं. ते ओरडत नसत. आवाज खाली, थोडा घोगरा, शब्द ओढून सोडलेला. ज्याच्या हातात गावाची नाडी आहे, त्याला ओरडायची गरजच काय? 'सामना' आठवा, १९७५चा. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव, म्हणजे निळूभाऊ, दारुड्या मास्तराला घरी आणतात, खाऊपिऊ घालतात. आणि डॉ. लागूंचा तो मास्तर एकच प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळेचं काय झालं? त्या प्रश्नासरशी हिंदुरावांचा चेहरा बघा. एक रेषसुद्धा जास्तीची हलत नाही, आणि तरी माणूस आतून हादरलेला दिसतो.

पुढं १९७९मध्ये 'सिंहासन'. त्यातला निळूभाऊंचा पत्रकार दिगू सगळं राजकारण नुसतं बघत राहतो आणि शेवटी त्याचं डोकं फिरतं. आमच्याकडं टीव्ही आल्यावर आईनं तो पाहिला. शेवटी तिनं विचारलं, "ह्यो त्योच का रं?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "ह्याला कुणी घरी न्या की." तेवढंच.

१३ जुलै २००९. निळूभाऊ गेल्याची बातमी टीव्हीवर लागली. आई तांदूळ निवडत होती. निवेदिका सांगत होती, ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात होते, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते, अंधश्रद्धा निर्मूलनासाठी गावोगाव फिरले. आईचे हात थांबले. "माळी व्हता? झाडं लावायचा?" तिनं दोनदा विचारलं. "आन् आमी त्याला काय काय बोललो."

तेवढ्यात एका जुन्या चित्रपटातला प्रसंग लागला. पांढरी टोपी, धोतराचा सोगा हातात, निळूभाऊ एका बाईकडं सावकाश सरकत होते. आईच्या तोंडून निसटलंच, "मुडदा बशिवला तुझा!"

आणि लगेच तिनं पदर डोळ्याला लावला.