चेंडू कुणाच्या हातात?

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर लागला की नागपुरातल्या शाळांमध्ये क्रीडास्पर्धांची धामधूम सुरू होते. मैदानाच्या कडेला उभ्या पालकांकडून मग एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मुलींना नाही जमत हो मुलांएवढं." पहिली ते चौथीच्या वयात हे कितपत खरं आहे?

या वयात मुलामुलींच्या ताकदीत फार फरक नसतो. मुलग्यांचे स्नायू झपाट्यानं वाढवणारं टेस्टोस्टेरॉन जोर धरतं ते वयात येताना. तोवर धावण्यात, लांब उडीत मुलगे सरासरीनं थोडे पुढे, तर वाकून पायाची बोटं धरण्यात आणि तोल सांभाळण्यात मुली पुढे. लंगडीच्या डावात बघा ना! शिवाय ही झाली सरासरी. अर्ध्या वर्गाला मागे टाकणाऱ्या दोन-चार पोरी कुठल्याही चौथीत सापडतात.

फेकण्याचं मात्र वेगळं आहे. चेंडूफेकीतली तफावत लहानपणापासूनच मोठी असते. शरीराचा थोडा वाटा असेलही, पण नीट निरखून बघा. सरावलेला, उजव्या हाताचा मुलगा डावा पाय पुढे टाकतो, कंबर वळवतो, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट सोडतो. सराव नसलेली मुलगी जागच्या जागी उभी राहून नुसत्या कोपरातून चेंडू ढकलते. आता त्याच पठ्ठ्याला डाव्या हातानं फेकायला सांगा. त्याचीही तीच गत होते! हात त्याचाच, अंगही त्याचंच. डाव्या हाताला सवय तेवढी नाही. आणि सवय कुणाला लागते? सुट्टीच्या सकाळी रेशीमबागेच्या मैदानावर चक्कर मारा, चेंडू कुणाच्या हातात आहे ते दिसेलच.

'खेलो इंडिया'च्या शालेय चाचणीत चौथीपासून 50 मीटर धावणं, 600 मीटर धावणं-चालणं सगळ्यांनाच असतं. जोर मारताना मात्र मुलींनी गुडघे टेकायचे. थोरल्या मुलींचं समजू शकतो, पण नऊ वर्षांच्या पोरीला आधीच सवलत कशाला? मला तरी हे पटत नाही.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयोगटाला रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, मुलगा असो की मुलगी. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात ती सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावरच जमेल. त्यातली दहा मिनिटं लेकीला फेकायला द्या. कापडाचा चेंडू आणि गच्चीची भिंत पुरे. आधी पाय, मग कंबर, मग हात, असं सांगत राहा. पहिल्या दिवशी चेंडू कुठवर गेला तिथे खडूची रेघ मारून ठेवा, आणि महिनाभरानं पुन्हा मोजा.