शहराचा मध्यभाग, पायी गस्त आणि रुग्णालयाची खिडकी

श्रोतेहो, नमस्कार.

शहराच्या मध्यभागाची अडचण अशी असते की तिथे वावरणारे पुष्कळ आणि राहणारे थोडे. वसाहतीत अनोळखी माणूस जिन्यात दिसला तर कोणीतरी दार उघडून विचारतेच. परंतु बाजारपेठ, स्थानक, नाट्यगृहे आणि कचेऱ्या यांच्या गर्दीत प्रत्येकच जण अनोळखी असतो, आणि रात्री दुकानांची शटर खाली आली की विचारणारेही आपापल्या घरी गेलेले असतात. अशा भागाची सुरक्षितता पोलिसांनी आणि नागरिकांनी मिळून कशी सांभाळावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कुठे मारामारी झाली की आपली पहिली मागणी ठरलेली असते, ती म्हणजे गस्त वाढवा. ही मागणी चुकीची नाही, पण ती अपुरी आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरात १९७२ आणि १९७३ या वर्षांत एक प्रयोग झाला. काही भागांत पोलिसांच्या मोटारींची नेहमीची गस्त बंद केली, काही भागांत ती दुप्पट-तिप्पट केली आणि काही भागांत होती तशीच ठेवली. गुन्ह्यांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, आणि गस्तीत काही बदल झाला आहे हे बहुतेक रहिवाशांच्या लक्षातही आले नाही. त्यानंतर काही वर्षांनी नेवार्क शहरात पायी गस्तीचा अभ्यास झाला. तिथेही गुन्हे फारसे घटले नाहीत. मात्र लोकांची भीती कमी झाली आणि पोलिसांविषयीचे मत सुधारले, कारण मोटारीच्या काचेआडचा पोलीस ओळखीचा होत नाही आणि पायी चालणारा होतो.

ओळख झाली, भीती कमी झाली, हे चांगलेच झाले. पण मारामारी थांबवायची तर आणखी एक गोष्ट लागते. ती म्हणजे नेमकी जागा आणि नेमकी वेळ. मिनिआपोलिसमध्ये १९८०च्या दशकात पोलिसांकडे आलेल्या दूरध्वनींची छाननी झाली, तेव्हा निम्म्याच्या आसपास दूरध्वनी शहरातील जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून आलेले आढळले. उरलेले शहर बहुतांशी शांतच होते. तेव्हा सगळीकडे सारखी पसरलेली गस्त ही बहुतेक वेळ जिथे काहीच घडत नाही अशाच ठिकाणी फिरत असते. म्हणून पुन्हा सांगतो, नेमकी जागा आणि नेमकी वेळ.

आता प्रश्न असा की ही जागा पोलिसांना सांगणार कोण? इथे मला कार्डिफची हकीकत सांगायची आहे. ती मी अनेकदा सांगितली आहे आणि संधी मिळेल तेव्हा पुन्हा सांगेन, कारण या विषयाचे मर्म इतके स्वच्छ दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

कार्डिफ ही वेल्सची राजधानी. जोनाथन शेफर्ड हे तोंड, जबडा आणि चेहरा यांच्या शस्त्रक्रिया करणारे तेथील शल्यचिकित्सक. मारामारीत जबडा मोडलेले, फुटलेल्या काचेच्या पेल्याने गाल फाटलेले तरुण त्यांच्यापुढे येत. टाके घातले जात, हाड सांधले जात असे. त्यांनी या जखमींची माहिती पोलिसांच्या नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा रुग्णालयात उपचार घेतलेल्या मारहाणीच्या घटनांपैकी बहुतांश पोलिसांच्या दप्तरी नव्हत्याच. एखाद्या माणसाचा चेहरा फाटतो, डॉक्टर तो शिवतात, आणि पोलिसांच्या लेखी त्या रात्री त्या रस्त्यावर काहीही घडलेले नसते!

लोक तक्रार का करत नाहीत, याची कारणे आपल्याही ओळखीची आहेत. मारणारा पुन्हा गाठील ही भीती असते, त्या वेळी आपण स्वतः काय करत होतो याची चौकशी नको असते, आणि पुष्कळदा मारणारा कोण होता हेच सांगता येत नाही.

मग उपाय निघाला तो रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीवर. मध्यरात्र उलटून गेली आहे आणि एक तरुण गालावर रुमाल दाबून त्या खिडकीशी उभा आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. खिडकीमागची कर्मचारी नाव आणि वय विचारतेच. आता ती आणखी थोडे विचारू लागली. कुठे लागले? केव्हा लागले? कशाने मारले? ‘गावात’ किंवा ‘रस्त्यावर’ असे उत्तर आले तर ती कोणता रस्ता, कोणत्या मद्यालयाच्या आत की दाराबाहेर, हे विचारून लिहून घेई. जागा, वेळ आणि हत्यार, एवढीच ती जास्तीची माहिती. पुढे त्यातून रुग्णाचे नाव आणि ओळख वगळली जाई आणि उरलेली माहिती पोलिसांच्या नोंदींशी जोडून नकाशावर मांडली जाई. पोलीस, नगरपालिका आणि डॉक्टर नियमितपणे एका टेबलाशी बसून तो नकाशा पाहत.

त्या नकाशावरून गस्तीचे मार्ग आणि वेळा बदलल्या. पोलिसांचे लक्ष ठरावीक मद्यालयांवर केंद्रित झाले, काही ठिकाणी काचेऐवजी प्लास्टिकचे पेले आले आणि रात्रीची गर्दी जिथे दाटते असा एक रस्ता वाहनांसाठी बंद करण्यात आला. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या कामाचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले. मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण कार्डिफमध्ये दर महिन्याला लाख लोकसंख्येमागे सातवरून पाचवर आले होते. ज्या चौदा शहरांशी तुलना केली, तिथे ते त्याच काळात पाचवरून आठवर गेले होते.

श्रोतेहो, याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. किरकोळ मारहाणीच्या पोलीस नोंदी कार्डिफमध्ये वाढल्या होत्या. पोलीस योग्य जागी योग्य वेळी उभे राहू लागल्याने बाचाबाची गंभीर जखमेपर्यंत पोहोचण्याआधीच त्यांच्या नजरेस पडू लागली, असा अभ्यासकांनी त्याचा अर्थ लावला. नोंदी वाढल्या आणि जखमा घटल्या. म्हणून एखाद्या ठाण्याच्या हद्दीतील नोंदी वाढल्या की तेथील अधिकाऱ्याला धारेवर धरण्याची जी सवय आहे, ती मला घातक वाटते. अशा वातावरणात तक्रार टाळण्याकडेच कल वाढतो आणि मग नकाशा कोराच राहतो.

जाता जाता एक तक्रार मला चौकातील बाकांविषयी करायची आहे. टवाळखोर बसतात म्हणून बाक उखडून टाकण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मुळीच मान्य नाही. बाक गेला की टवाळखोर कट्ट्यावर किंवा पायरीवर बसतात. उठून जातात ते वृद्ध आणि लहान मुलांच्या आया. म्हणजे ज्यांच्या नुसत्या असण्याने चौकाला वचक राहतो, नेमके तेच आपण घालवून बसतो.

पायी गस्तीकडे परत येतो. जागा नेमकी निवडली तर तिचा उपयोग होतो, हे फिलाडेल्फियाने २००९ च्या उन्हाळ्यात दाखवले. हिंसक गुन्हे जिथे साचले होते अशा साठ लहान भागांत पायी गस्त ठेवण्यात आली, आणि तुलनेसाठी घेतलेल्या तशाच भागांपेक्षा तिथे हिंसक गुन्हे तेवीस टक्क्यांनी कमी झाले. मात्र प्रयोग संपून पोलीस परत गेले, तसा तो लाभही ओसरला. तेव्हा नागरिकांनी आपल्या मागणीत थोडी भर घालावी. गस्त वाढवा एवढेच म्हणू नये, तर गस्तीवरचे तेच अधिकारी पुरेसा काळ त्याच भागात राहू द्या, असेही म्हणावे.

पोलिसांबरोबर नागरिकांची बैठक असेल तेव्हा ‘इथे फार गुंडगिरी वाढली आहे’ एवढे बोलून थांबू नका. कोणत्या गल्लीच्या तोंडाशी, कोणत्या वारी, किती वाजता आणि काय घडले, हे लिहून न्या. कोणता दिवा बंद आहे, त्या खांबाचा क्रमांकही टिपून न्या. वाहनतळाच्या मागची भिंत, बंद पडलेल्या दुकानाचा आडोसा, शेवटची बस गेल्यावर ओस पडणारा थांबा, अशा जागा तिथे रोज उभे राहणाऱ्या माणसालाच ठाऊक असतात. आणि तुम्ही स्वतः मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात गेलात, तर तक्रार करायची की नाही हे नंतर ठरवा, पण खिडकीवर कोणी विचारले तर कुठे लागले ते अवश्य सांगा.