जास्तीचे पॉझिट्रॉन आले कुठून?

मित्रहो, एप्रिल २०१३मध्ये भौतिकशास्त्रज्ञ सॅम्युअल टिंग यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत एक आलेख दाखवला आणि लगेच ‘कृष्णद्रव्याचा माग लागला’ अशा बातम्या झळकल्या. कृष्णद्रव्य म्हणजे न दिसणारं, पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य. टिंग स्वतः मात्र जपून बोलले होते. त्या आलेखामागे सुमारे चार लाख पॉझिट्रॉन होते, म्हणजे इलेक्ट्रॉनचे धन भाराचे प्रतिकण. ते अपेक्षेपेक्षा जास्त निघाले, एवढंच.

आता अपेक्षा कसली? विश्वकिरणांतले, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांतले प्रोटॉन ताऱ्यांच्या दरम्यानच्या विरळ वायूवर आदळले की थोडे पॉझिट्रॉन तयार होतातच. ऊर्जा वाढेल तसं इलेक्ट्रॉनांच्या तुलनेत त्यांचं प्रमाण घटायला हवं. प्रत्यक्षात साधारण १० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक) पुढे ते वाढू लागतं. उपग्रहावरच्या पामेला या उपकरणाला हे आधीच दिसलं होतं, टिंग यांच्या एएमएसनं ते पक्कं केलं.

एएमएस हे अवकाश स्थानकावर २०११मध्ये बसवलेलं साडेसात टनांचं यंत्र. त्यातल्या चुंबकामुळे कणाची वाट वाकते. कुठल्या बाजूला, त्यावरून भार धन की ऋण ते कळतं. पण प्रोटॉनही धनच, तोही त्याच बाजूला वळणार, आणि हजारो प्रोटॉनांमागे पॉझिट्रॉन एखादाच! तांदळातला खडा नव्हे, खड्यांच्या राशीतला तांदूळ वेचायचा. म्हणून वरच्या थरांत हलका पॉझिट्रॉन क्षकिरण सोडतो का ते बघतात. तेवढ्याच ऊर्जेचा जड प्रोटॉन ते सोडत नाही. खाली शिशाच्या थरांत पॉझिट्रॉन कणांचा वर्षाव घडवतो. या वर्षावाचं गणित १९३७मध्ये होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी मांडलं. ट्रॉम्बेच्या कितीतरी आधीचे भाभा हे असे विश्वकिरणवाले!

असो. जास्तीच्या पॉझिट्रॉनांमागे संशयित दोन: कृष्णद्रव्य आणि पल्सार, म्हणजे मृत ताऱ्यांचे गरगर फिरणारे गाभे, जे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन उधळतात. कृष्णद्रव्याचे कण एकमेकांना भिडून नष्ट होत असतील, तर पॉझिट्रॉनांची ऊर्जा त्या कणांच्या वस्तुमानाइतक्या ऊर्जेपलीकडे जाणार नाही; आलेख कुठेतरी कोसळायला हवा. २०१९मध्ये १९ लाख पॉझिट्रॉन जमल्यावर २८४ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे तो उतरतानाही दिसला. पण पल्सारची ताकदही कुठेतरी संपतेच, त्यामुळे नुसत्या उतारावरून निकाल लागत नाही.

मला विचाराल तर पल्सारचं पारडं जड आहे, कारण पल्सार आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. तरी अडचणी आहेतच. मेक्सिकोतल्या हॉक वेधशाळेनं २०१७मध्ये दाखवलं, की जेमिंगा या जवळच्या पल्सारभोवती हे कण फारच रेंगाळतात. त्या गतीनं ते आपल्यापर्यंत पुरेसे पोचणार नाहीत. दुसरं, प्रतिप्रोटॉनांची संख्याही ऊर्जेनुसार बरीचशी पॉझिट्रॉनांसारखीच बदलते, आणि पल्सार प्रतिप्रोटॉन बनवतात असं कोणी मानत नाही. विश्वकिरणांच्या वायूशी होणाऱ्या टकरींतून प्रतिप्रोटॉन जन्मतात हे खरं, पण नेमके किती, या हिशेबातच ढिलाई आहे.

एक कसोटी उरते, दिशेची. जवळचा पल्सार असेल तर त्या बाजूनं पॉझिट्रॉन किंचित जास्त यावेत. आकाशगंगेच्या चुंबकक्षेत्रात त्यांच्या वाटा इतक्या भरकटतात की हा फरक अगदी थोडा उरतो. एएमएसला तो अजून आढळलेला नाही. मोजणी चालू आहे.