डोळा न भरलेला गुलाब

[नाशिक, पंचवटी. जुन्या घराचं मागचं दार उघडतं.]

मोरीचं पाणी बाहेर पडतं, तिथून दोन हातांवर एक झुडूप आहे. कमरेच्या वर, छातीच्या खाली. त्याला कुंडी नाही, आळंही नीटसं नाही. घरातल्या आजी त्याला नुसतं ‘आपला गुलाब’ म्हणतात. सकाळी देवापुरती चार-पाच फुलं तो देतो. फूल गुलाबी, पाकळ्या अस्ताव्यस्त, मान जरा खाली. फुलदाणीत ठेवलं तर दुपारपर्यंत निम्म्या पाकळ्या टेबलावर. प्रदर्शनात याला कुणी आत घेणार नाही. वास मात्र मागच्या दारातून थेट माजघरात येतो.

औषध कोणतं फवारता, असं आम्ही आजींना विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. औषध पिकाला मारतात, गुलाबाला कशाला?

ज्या शहराला मोगल अमलात गुलशनाबाद, म्हणजे बागांचं शहर, म्हणत, तिथे हे ऐकायला बरं वाटतं. पण आपल्यातल्या बहुतेकांचा अनुभव वेगळाच आहे.

[गच्ची. ओळीने रिकाम्या कुंड्या.]

माझाच सांगतो. एका रोपवाटिकेतून गडद लाल गुलाब आणला होता. पहिल्या हिवाळ्यात तळहाताएवढी फुलं आली. दुसऱ्या पावसाळ्यात बुडातून एक हिरवीगार फांदी निघाली आणि सपासप वाढत कठड्यावरून खाली लोंबायला लागली. मी खूश. शेणखत घातलं, पाणी वाढवलं. दिवाळी आली, संक्रांत आली, त्या फांदीला फूल एकही नाही आणि लाल गुलाब शेंड्याकडून काळा पडत वाळून गेला. वर्षभर मी खतपाणी घालत होतो ते खुंटाला.

नर्सरीतला देखणा गुलाब म्हणजे बहुतेक वेळा दोन झाडं असतात. खाली काटक जातीचा खुंट, त्याच्या सालीत बसवलेला हव्या त्या जातीचा डोळा. याला डोळा भरणं म्हणतात. त्यामुळे कमी वेळात, कमी काडीत भरपूर रोपं होतात, म्हणून रोपवाटिकेला ते परवडतं. पण खुंट जिवंतच असतो. वरचा जीव जरा थकला की तो खालून स्वतःचे फुटवे काढतो, आणि मुळांनी ओढलेलं सगळं मग तेच खातात.

म्हणून रोप घेताना आधी बुंध्याकडे बघा. डोळा भरल्याची जागा गाठीसारखी फुगीर दिसते. त्या गाठीच्या खालून आलेला फुटवा कितीही तरतरीत असला तरी तो आपला नाही. मातीला टेकवून कापलात तर तिथून चार येतील. माती उकरा, तो मुळाशी जिथून निघालाय तिथून ओढून तोडा. एका देठावर पानं पाच की सात, यावर ओळखू नका. ती खूण अनेकदा फसवते.

आजींच्या गुलाबाला ही गाठच नाही. तो फांदी खोचून लावलेला, स्वतःच्या मुळांवर उभा. गाय येऊन खाऊन गेली, बांधकामवाल्यांनी वर विटा रचल्या, तरी बुडातून जे फुटतं ते तेच झाड असतं. निम्मी निगा इथेच वाचते.

[जुनी चित्रं: युरोपातल्या बागा.]

मग गुलाब नाजूक म्हणून बदनाम कसा झाला? 1867 साली फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ नावाचा गुलाब आला. लांब दांडा, उंच टोकदार कळी, पुन्हा पुन्हा येणारी फुलं. हायब्रिड टी या घराण्याची सुरुवात त्याच्यापासून धरतात. पुढे बक्षिसं कळीच्या आकाराला मिळत गेली, आणि झाडाच्या तब्येतीकडे लक्ष कमी झालं.

याच्या उलट वाट धरणाऱ्यांपैकी एक अमेरिकेतले ग्रिफिथ बक. आयोवा राज्यातल्या एका विद्यापीठात ते गुलाबाची रोपं उघड्यावर, कडाक्याच्या थंडीत, फवारणी न करता ठेवत. टिकेल ते पुढे, मरेल ते बाद. त्यातून 1977 साली ‘केअरफ्री ब्यूटी’ हा झुडपी गुलाब आला. त्याच्याच वंशात विस्कॉन्सिन राज्यातल्या विल्यम रॅडलर यांचा ‘नॉक आउट’ झाला, जो 2000 साली बाजारात आला. काळ्या ठिपक्यांचा रोग नसलेलं झाड हवं, म्हणून रॅडलर रोगट पानं गोळा करून त्यांचा चुरा स्वतःच्याच रोपांवर टाकत. हौशी माणसाला हे बघवणार नाही.

पण तो निवाडा आयोवा-विस्कॉन्सिनच्या हवेचा. आपला जुलै त्यांनी पाहिलेला नाही. गरम मुलखासाठी गुलाब हवा, हा ध्यास आपल्याकडे एम. एस. वीरराघवन यांनी धरला. सनदी नोकरी सोडून ते कोडाईकनालला गेले आणि भारतातल्याच रानटी जातींचा संकर करत राहिले. त्यातली ‘रोझा क्लायनोफिला’ ही तर पाणथळ जागी वाढणारी. ओल्या जमिनीत उभा राहणारा गुलाब!

[पुन्हा परसदार. पाऊस.]

आपल्या अंगणापुरतं बोलायचं तर सुरुवात गावठीपासून करा. ‘गावठी’ हे एका जातीचं नाव नव्हे. सासवडचा गावठी आणि साताऱ्याचा गावठी वेगळे असू शकतात. जो तुमच्या गल्लीत कुणी लक्ष न देता फुलतोय, तो तुमचा. जागा कमी असेल तर बटण गुलाब. पांढरा हवा असेल तर जर्मनीतल्या कोर्डेस यांचा 1958 चा ‘आइसबर्ग’, तो अजूनही गुच्छाने फुलतो. त्याला वास बेताचाच.

कमी निगा म्हणजे शून्य निगा नव्हे. सहा तास ऊन हवंच, त्याला पर्याय नाही. दुसरं, पाण्याचा निचरा. काळी माती पावसात चिखल धरते, मुळं गुदमरतात. तिथे खड्डा खोल करण्यापेक्षा वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावा. मातीत मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. मोरीचं पाणी म्हणाल तर आजींकडे ते भाजी-तांदूळ धुतलेलं असतं, साबणाचं दुसरीकडे जातं.

काळे ठिपके गावठीलाही येतात. त्या बुरशीला पान सलग सात-एक तास ओलं मिळालं की ती रुजते. म्हणून पाणी सकाळी, बुडात; संध्याकाळी पानांवर नळी धरायची नाही. भाद्रपदात झाड निम्मं बोडकं होईल. गळलेली पानं गोळा करा आणि गप्प बसा. थंडीत मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बराच जातो.

पाऊस सरला की ऑक्टोबरात छाटणी. हायब्रिड टीला जशी जोरात कात्री लावतात तशी इथे नको. वाळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढा, उरलेल्या फार तर एक तृतीयांश खाली आणा. साधारण दीड महिन्यात बहर येतो. आजी तेवढंही करत नाहीत. देवाची फुलं खुडता खुडता दोन पानांसकट तोडतात, तीच त्यांची छाटणी.

[काचेची बरणी, खिडकीतलं ऊन.]

आणि गुलकंद. फवारणी नसलेल्या झाडाचा हा खरा नफा. बाजारातल्या फुलाची पाकळी तोंडात घालायला मी धजणार नाही. इथे पाकळ्या आणि खडीसाखर, थरावर थर, बरणी उन्हात.

[आजींच्या हातात कात्री.]

निघताना आम्ही फांदी मागितली. त्यांनी पेन्सिलीएवढी जाड, नुकतंच फूल येऊन गेलेली काडी निवडली. वीतभर तुकडा, तीन-चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. खालची पानं काढली, वरची दोन ठेवली. ओल्या फडक्यात गुंडाळून दिली आणि सांगितलं, दोन डोळे मातीत जाऊ द्या, सावलीत ठेवा, माती नुसती ओलसर हवी.

तीन आठवड्यांनी तांबूस पान फुटेल. काडीतल्या साठ्यावरही पान फुटतं, मुळं आलेलीच असतात असं नाही. तेव्हा महिना-दीड महिना तरी उपटून बघायचं नाही. आम्ही दोन आणल्या होत्या. एक उपटून बघितली, ती गेली.