पंगत कोणासाठी थांबते?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘खाद्यसंस्कृती आणि नवे तंत्रज्ञान’ असा भारदस्त छापला आहे. मला मात्र त्यातल्या एकाच गोष्टीविषयी बोलायचे आहे. छतावरच्या प्रोजेक्टरमधून जेवणाच्या टेबलावर हलती चित्रे पाडायची आणि त्या चित्रांच्या सोबतीने पाहुण्यांना जेवू घालायचे, हा प्रकार गेल्या दहा-बारा वर्षांत जगभर पसरला आहे. अशा टेबलावर जेवणाचा वेग कोण ठरवतो, हा माझा प्रश्न आहे. तो वेग चित्रफीत ठरवते आणि तिथेच सारे बिनसते, असे माझे मत आहे. मत आधीच सांगून टाकले, कारण घड्याळाशी माझे कसे जमते हे येथील नेहमीच्या श्रोत्यांना पुरेपूर ठाऊक आहे.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले पात्र म्हणजे ‘ल पेती शेफ’, अर्थात ‘छोटा स्वयंपाकी’. बेल्जियममधील लूव्हन शहरात फिलिप स्टेर्क्स आणि अँतून व्हेरबेक या दोघा कलावंतांचा ‘स्कलमॅपिंग’ नावाचा संच आहे. त्यांनी 2015 मध्ये एक छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत जेमतेम सहा सेंटिमीटर उंचीचा एक स्वयंपाकी पाहुण्याच्या रिकाम्या प्लेटवर अवतरतो आणि धडपडत मांसाचा तुकडा भाजतो. ऑर्डर दिल्यानंतर पदार्थ येईपर्यंत पाहुण्यांचे मन रमवावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. पुढे त्या मधल्या वेळाचेच संपूर्ण जेवण झाले. हॉटेलांनी आणि प्रवासी जहाजांनी या स्वयंपाक्याला कामावर ठेवले आणि प्रत्येक पदार्थाआधी त्याचा एकेक अंक होऊ लागला.

रिकाम्या प्लेटवर, हा शब्दप्रयोग मी जाणूनबुजून केला आहे. प्रोजेक्टर प्रकाश पाडू शकतो, पण काळा रंग पाडू शकत नाही. काळोख हवा असेल तर खोलीच अंधारी ठेवावी लागते. चित्र उठून दिसायला पृष्ठभाग पांढरा आणि शक्यतो सपाट लागतो. मसुराच्या आमटीवर तुम्ही कितीही प्रकाश टाका, ती तो मुकाट्याने गिळून टाकते. त्यामुळे खेळ चालू असतो तेव्हा प्लेट रिकामी असते, आणि पदार्थ येतो तेव्हा खेळ थांबतो. शिवाय चित्राची आखणी प्लेटच्या ठरलेल्या जागेवर बेतलेली असते. प्लेट दोन बोटे सरकली की स्वयंपाक्याची चूल प्लेटमध्ये आणि स्वयंपाकी मिठाच्या बाटलीवर, अशी फाळणी होते.

आता आमच्या घरची हकिकत. आखातातील एका शहरात माझा मेव्हणा राहतो. सासूबाई त्याच्याकडे मुक्कामाला असताना आम्हीही गेलो होतो आणि आईला काहीतरी अपूर्वाई दाखवावी म्हणून त्याने अशाच एका ठिकाणी सर्वांची जागा राखून ठेवली. त्या ठिकाणाचे नाव मी सांगणार नाही, कारण तेथील मंडळी आदबशीर होती आणि माझी तक्रार त्यांच्या वागण्याविषयी मुळीच नाही.

आम्ही शाकाहारी असल्याचे त्याने आधी कळवले होते. स्वयंपाकघरापर्यंत ते पोहोचले. चित्रफितीपर्यंत पोहोचले नाही. परिणामी आमच्या प्लेटवर तो चिमुकला गडी समुद्रात गळ टाकून बसला, त्याने एका शेवंडीशी (लॉब्स्टरशी) घनघोर युद्ध केले, तिला पातेल्यात ढकलून वर झाकण ठेवले आणि विजयी मुद्रेने आम्हाला मुजरा केला. दिवे लागले आणि आमच्या पुढ्यात भाजलेला फ्लॉवर आला. सासूबाईंनी फ्लॉवरकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “त्या बिचारीचं काय झालं?” त्या प्रसंगी जावयाने काय उत्तर द्यावे, याचे मार्गदर्शन कोणत्याही शास्त्रात नाही.

खरी अडचण त्यानंतर आली. सासूबाई कवळीने जेवतात, प्रत्येक घास नीट चावून जेवतात आणि मध्ये बोलायचे झाले तर हातातला काटा खाली ठेवून बोलतात. त्यांचा फ्लॉवर निम्म्यावर आला असताना दिवे मंदावले. त्यांनी प्लेट जवळ ओढली, तेव्हा मेव्हणा हळूच म्हणाला, “आई, प्लेट हलवू नकोस गं, चित्र बिघडेल.” पाठोपाठ वाढपी आला आणि अतिशय नम्रपणे वाकून म्हणाला, पुढचा अंक सुरू होत आहे, ही प्लेट न्यायला हवी. सासूबाईंनी आयुष्यात कधी पानात टाकलेले नाही. त्यांनी एक मोठा तुकडा तोंडात कोंबला, उरलेल्याकडे पाहिले आणि प्लेट सोडली. पुढचा संबंध अंक त्यांनी तोंडातला घास संपवण्यात काढला. पडद्यावर, म्हणजे प्लेटवर, काय चालले आहे हे त्यांनी पाहिलेच नाही. त्या संध्याकाळी प्रत्येक पदार्थाला असेच घडले. माझ्या मेव्हण्याच्या मुलाचे उलटे झाले होते : तो चार घासांत प्लेट पुसून काढायचा आणि “भूत कधी येणार?” असे विचारत बसायचा. स्वयंपाक्याला तो भूत म्हणत होता, आणि अंधारात प्रकट होऊन रिकाम्या हाताने परतणाऱ्या प्राण्याला दुसरे काय म्हणावे!

यावर कोणी म्हणेल की तमाशा आणि जेवण यांची गाठ प्रोजेक्टरने थोडीच घातली? अगदी मान्य. 17 फेब्रुवारी 1454 रोजी बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने आजच्या फ्रान्समधील लील येथे मेजवानी दिली, तेव्हा पक्वान्नांच्या मधल्या वेळात नाट्यप्रवेश झाले आणि इतिवृत्तकारांच्या म्हणण्यानुसार ‘पाय’ नावाच्या बंद पेस्ट्रीच्या एका भल्याथोरल्या कृत्रिम प्रतिकृतीत अठ्ठावीस वादक बसून वाजवत होते. ज्या लूव्हनमधून आपला स्वयंपाकी निघाला, तेही त्या काळी याच ड्यूकच्या सत्तेखाली होते. ती मेजवानी तुर्कांविरुद्ध धर्मयुद्धाची शपथ घेण्यासाठी होती. शपथा घेतल्या गेल्या, जेवण झाले, ते धर्मयुद्ध मात्र झालेच नाही. भरल्या पोटी घेतलेल्या ठरावांची ही परंपरा आपल्याही संस्थांनी निष्ठेने चालवली आहे. (अध्यक्षांनी हे मनावर घेऊ नये.) इटलीत कवी मारिनेत्ती आणि त्याच्या फ्यूचरिस्ट, म्हणजे भविष्यवादी, मित्रांनी 1931 मध्ये तुरिनला खानावळ काढली. त्यांच्या एका पदार्थात उजव्या हाताने ऑलिव्ह खायचे, डाव्या हाताने सॅंडपेपर आणि रेशीम कुरवाळायचे आणि कानावर विमानाचा आवाज घ्यायचा, अशी योजना होती. याच गृहस्थाने इटालियनांना पास्ता सोडायला सांगितले होते. त्यांनी काय केले ते आपण पाहतोच आहोत.

आता चिठ्ठी आली आहे आणि तिच्यावर ‘पाच मिनिटे’ असे लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या आहेत. त्यामुळे मूळ मुद्दा भराभर सांगतो.

दृश्य आणि आवाज यांनी चव बदलते, हे खोटे नाही. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी झाम्पिनी यांनी 2004 मध्ये दाखवले की बटाट्याचा वेफर चावतानाचा कुरकुरीत आवाज कानावर वाढवून ऐकवला, तर खाणाऱ्याला तोच वेफर अधिक ताजा वाटतो. याच कामाला 2008 चे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले. इंग्लंडमध्ये शेफ हेस्टन ब्लूमेन्थल यांनी 2007 पासून ‘साउंड ऑफ द सी’ नावाच्या पदार्थासोबत शंखात दडवलेले ध्वनियंत्र दिले, म्हणजे मासे खाताना पाहुण्याच्या कानात लाटांचा आवाज येई. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की लाटांना कथानक नसते. तुम्ही तो पदार्थ सावकाश खा किंवा झटपट खा, समुद्र तुमच्या आधी संपत नाही. शेवंडीच्या युद्धाला मात्र आरंभ, मध्य आणि अंत आहे, आणि तो अंत सर्व टेबलांवर एकाच क्षणी होतो.

टोकियोत ‘टीमलॅब’ या संचाने 2017 मध्ये गिन्झा भागातील सागाया उपाहारगृहासाठी आठ जणांच्या बैठकीची एक खोली केली. तिथे वाढलेले भांडे टेबलावर ठेवले की त्यातून चित्र बाहेर पसरते. एका भांड्यातून निघालेला पक्षी दुसऱ्या भांड्यातून उगवलेल्या झाडाच्या फांदीवर जाऊन बसतो. प्रकाश तोच आणि यंत्रेही त्याच जातीची, पण तिथे चित्र भांड्याची वाट पाहते. याउलट शांघायला शेफ पॉल पेरे यांनी 2012 मध्ये सुरू केलेल्या ‘अल्ट्राव्हायोलेट’ उपाहारगृहात एकच टेबल आणि दहाच खुर्च्या होत्या, भिंतींवरची दृश्ये, आवाज आणि गंध पदार्थागणिक बदलत आणि दहाही जणांना एकाच वेळी वाढले जाई. तिथे घड्याळ उघडपणे स्वयंपाकघराच्या हातात होते. निदान एका जाणत्या माणसाच्या हातात होते, एवढे समाधान.

आपल्याकडची पंगतही सर्वांना एकदम बसवते, असा आक्षेप कोणी घेईल, म्हणून त्याचे उत्तर देऊन थांबतो. ‘वदनी कवळ घेता’ म्हणून सारे एकदम सुरुवात करतात, हे खरे आहे. रांगोळीही असते, पण ती पानाभोवती असते आणि वरण-भातापासून ताकभातापर्यंत जागची हलत नाही. मुख्य म्हणजे उठण्याची वेळ ठरते ती सर्वांत सावकाश जेवणाऱ्यावरून. कोपऱ्यातल्या आजोबांचा ताकभात व्हायचा असला, तर उरलेले जण हात सुकवत बसतात, कोणी श्लोक म्हणतो, कोणी नाव घेण्याचा आग्रह करतो, आणि वाढपी मुकाट्याने ताकाची आणखी एक फेरी काढतो. प्रोजेक्टरच्या टेबलावर आजोबांनी चित्रफितीला गाठायचे असते.

हे बदलण्यात तांत्रिक अडचण काहीच नाही. त्या संध्याकाळीही पुढचा अंक सुरू करायला एक माणूस भिंतीपाशी टॅब घेऊन उभा होता. त्याने बोट टेकवण्यापूर्वी एकदा सगळ्या प्लेटांवरून नजर फिरवावी आणि मधल्या वेळात त्या चिमुकल्या स्वयंपाक्याला चुलीपाशी बसून सुरीला धार लावू द्यावी. एवढा दहा-वीस सेकंदांचा, पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा कोणताही ॲनिमेटर करून देईल.

अध्यक्ष उभे राहिले आहेत. प्रश्न घ्यायला मी तयार आहे.